‘पॅपिलरी’ म्हटले म्हणजे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्तनातील गाठींवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, ‘आता निरुपयोगी’ ठरवली आहे. सुईने काढलेल्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; 22 वर्षे मी या काचा वाचते आहे, सुईही बहुतेक वेळा मीच घालते. म्हणून राहवले नाही.

परवाचीच काच घ्या. पंचावन्नच्या बाई, स्तनाग्रातून रक्ताळ पाणी येत होते. सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे रक्त, त्यात पेशींचे जाड, फांद्या फुटलेले तुरे. तुऱ्याच्या मधोमध रक्तवाहिनीचा देठ, कडेने उभ्या, लांबट पेशी आणि आसपास जुन्या रक्ताचे कण गिळलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशी. मी लिहिले : ‘पॅपिलरी गाठ. पूर्ण काढून हिस्टोपॅथॉलॉजी करावी.’ म्हणजे काढलेल्या गाठीचे पातळ छेद तपासावेत. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन : “मॅडम, कॅन्सर आहे की नाही, तेवढंच सांगा ना!”

ते या काचेवरून खरोखर सांगता येत नाही. पॅपिलरी म्हणजे दुधाच्या नलिकेत देठावर तुऱ्यासारखी वाढलेली; ही गाठ एका टोकाला साधी आणि दुसऱ्या टोकाला कॅन्सरची असू शकते. सुई कुठल्या टोकाला लागली ते कळत नाही. काही पॅपिलरी कॅन्सरच्या पेशी तर दिसायला अगदी सौम्य असतात. पेशी नलिकेची भिंत ओलांडून बाहेर गेल्या का, नलिकेच्या आतल्या पेशींना बाहेरून वेढणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींचा थर कुठे शाबूत आहे, हे अख्ख्या गाठीच्या छेदातच दिसते. फायब्रोअ‍ॅडेनोमाच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या एका साध्या गाठीच्या, पेशीही कधी असेच तुरे करून चकवतात.

पण ही गाठ नुसती ‘बघू पुढे’ म्हणून सोडायची नाही, हे त्या बारीक सुईने, टाका न घालता, त्याच दिवशी सांगितले. हा उपयोग थोडा आहे का? मला भीती वाटते ती अर्धवट वाचलेल्या रिपोर्टची. ‘कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत’ एवढेच वाचून, खालची सूचना न पाहता वर्षभर घरी थांबलेली बाई मी पाहिली आहे.

डॉक्टर मित्रांना एक कळकळीची विनंती. तपासणीच्या फॉर्मवर बहुधा ‘ब्रेस्ट लम्प’ एवढेच असते. स्तनाग्रातून स्राव आहे का, गाठ स्तनाग्रालगत आहे का, सोनोग्राफीत पाण्याच्या पिशवीत घट्ट भाग दिसला का, हेही लिहा. म्हणजे पाणी काढून झाल्यावर मी थांबणार नाही, उरलेल्या त्या घट्ट भागात पुन्हा सुई घालीन.

– एक सायटोपॅथॉलॉजिस्ट