तुझ्या गाडीचं आगार

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, दिवाळीनंतरचा रविवार

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागलो की दोन मिनिटांत माझा आवाज चढतो आणि तुझी आई फोन ओढून घेते. म्हणून लिहायला बसलो. पाकीटही आणलं होतं, पण तू गाडीतच राहतेस, तर त्यावर पत्ता काय घालायचा इथंच अडलो. आता शेजारचा पोरगा पानांचे फोटो काढून तुला पाठवील. वाच मात्र सावकाश, गाडी उभी करून.

दसऱ्याला मी जे बोललो ते मला परत घ्यायचंय. "घरदार नसल्यासारखी दोन कुत्री घेऊन हिंडतेस" असं म्हणालो. तू काही उत्तर दिलं नाहीस, "अप्पा, ठेवते" एवढंच म्हणालीस. त्यानंतर आठ दिवसांनी तुझ्या आईकडून कळलं की हिमाचलातल्या मंडीच्या अलीकडे रात्री दोन वाजता कोणीतरी तुझ्या गाडीचं दार ओढून बघितलं, बाजी गुरगुरला आणि मग पावलं लांब गेली. हे तू आईला सांगितलंस आणि अप्पांना सांगू नको म्हणालीस. बापाला सांगितलं तर धीर मिळण्याऐवजी बोलणी बसतील असं लेकीला वाटावं, हे मला फार लागलं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मी एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो. त्यातल्या किती रात्री मी गाडीतच झोपलो, हे तुम्हा पोरांना कधी नीट सांगितलं नाही. बार्शीकडच्या एका गावाला मी तीन वर्षं मुक्कामी गाडी नेत होतो. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन निघायचं, नवाच्या सुमाराला पारासमोर गाडी लावायची. कोणाच्या तरी घरून भाकरी आणि आमटी यायची, रोज वेगळं घर. कंडक्टर मागच्या लांब सीटवर, मी मधल्या वाटेत सतरंजी टाकून. पहाटे पाचला दुधाच्या किटल्या घेऊन माणसं उभी असायची. थंडीच्या दिवसांत काचा फटीतून शिट्टी वाजवायच्या, पण बाहेर इतकं चांदणं असायचं की झोपमोड झाल्याचं वाईट वाटायचं नाही. मला ते जगणं आवडायचं, माई. तुझ्या आईला हे कधी बोललो नाही, कारण ती इथं तुम्हा दोघांना घेऊन एकटी असायची आणि मला तिकडं बरं वाटतं हे सांगायची लाज वाटायची. तुझ्यावर ओरडताना ती लाजच बोलत असावी.

त्या गावात एक तांबडा कुत्रा होता, एक कान फाटलेला. गाडी लागली की तो इंजिनाखाली येऊन झोपायचा, उबेला. रात्री कोणी गाडीजवळ आलं की त्याच्या गुरगुरण्यावरून मला कळायचं की गावातलं माणूस आहे की परकं. मी त्याला भाकरीचा काठ द्यायचो. रोज पहाटे गाडी सुरू करण्याआधी मी खाली वाकून बघायचो आणि पत्र्यावर थाप मारायचो, मग तो उठून बाजूला व्हायचा. एक दिवस उशीर झाला होता. मी वाकलो नाही. त्याचा मागचा पाय चाकाखाली गेला. तो वाचला, पण त्यानंतर तीन पायांवर चालला. आणि दुसऱ्या रात्रीसुद्धा, पाय ओढत, तो इंजिनाखालीच येऊन झोपला. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. तू गाडी सुरू करण्याआधी दोघांना आत मोजतेस हे मला माहीत आहे. तरी रोज खाली वाकून बघत जा. परक्या गावात दुसऱ्या कोणाचा तरी कुत्रा तिथं झोपलेला असतो.

त्या रात्री जागा राहून मी एकच गोष्ट घोळवत होतो. मी रस्त्यावर राहिलो ते बिनघोर राहिलो, कारण माझ्या गाडीवर आगाराचं नाव लिहिलेलं होतं. मुक्कामी गाडी कितीही लांब झोपली तरी तिला आगारात परतावंच लागायचं. तिथं ती धुतली जायची, ग्रीसिंग व्हायचं, हवा तपासली जायची. वाटेत स्टिअरिंग ओढतंय, ब्रेक उशिरा लागतोय, असं काही जाणवलं की लिहून द्यायचं आणि ते काम झाल्यावरच गाडी सुटायची. तुला असं आगार नाही. मी तुझ्या हिंडण्याला नावं ठेवत बसलो आणि आगार व्हायचं माझं काम मी केलंच नाही.

गेल्या आठवड्यात मंगळवेढ्याच्या रस्त्याला धनगरांचा वाडा जाताना दिसला. हुलजंतीची महालिंगरायाची यात्रा करून निघाले असतील. मेंढरं पुढं, घोड्यावर बिऱ्हाड, त्या बिऱ्हाडावर कोंबड्या आणि एक झोपलेलं पोर, आणि दोन्ही बाजूंनी कुत्री, आपण होऊन कळप राखत चाललेली. आता कोणाच्या तरी रानात मेंढरं बसवतील, लेंडीखताचे पैसे घेतील, पुढं सरकतील, आणि पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या गावाकडं वळतील. त्यांना आपल्याकडं कोणी बेघर म्हणत नाही. मी स्कूटर कडेला घेऊन शेवटचं मेंढरू जाईपर्यंत उभा राहिलो.

आता कामाचं.

टायरची तारीख बघ. बाजूच्या रबरावर डीओटीच्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. ३४२१ असेल तर २०२१ सालचा चौतिसावा आठवडा. तू ही टेम्पो ट्रॅव्हलर जुनी घेतलीस, आणि जुन्या गाडीचे टायर वरून गुळगुळीत नसले तरी आतून वाळलेले असतात. पाच-सहा वर्षांपुढचा टायर असेल तर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदल. पैसे मी पाठवतो, यावर वाद नको. आणि पाण्याची टाकी भरून पळू नकोस. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, ते घाट उतरताना मागून ढकलतं.

ज्या गिअरमध्ये घाट चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तुळजापूरचा घाट मी वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलो होतो, घरी लवकर पोचायचं होतं म्हणून. खाली आलो तेव्हा लायनरचा जळका वास येत होता आणि पेडल खाली जात होतं. गाडीत चाळीस माणसं होती. तुझ्या गाडीत तिघं आहात.

गॅसबद्दल तुझी आई रोज बोलते, तिचं बरोबर आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. आणि तुझी कुत्री जमिनीवरच झोपतात. तेव्हा हवा जायला भोक खाली हवं, सिलेंडरच्या कप्प्याच्या तळाशी. तू वर जाळी बसवलीस ती राहू दे, पण खाली केलं आहेस का ते कळव. थंडी वाढली म्हणून आत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नकोस. त्या विषारी वायूला वास नसतो, बाजीलासुद्धा तो कळायचा नाही.

सीट काढून पलंग आणि ओटा केलास, तो बदल आरसी बुकावर चढवून घेतलास ना? मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम त्यासाठीच आहे. विमा कंपनीलाही लेखी कळव, नाहीतर उद्या काही झालं तर पहिला प्रश्न तोच येईल.

सगळ्यात जास्त भीती मला उन्हाची वाटते. तू मे महिन्यात घरी येते म्हणालीस तेव्हा मी नको म्हणालो, आणि तुला वाटलं मला तू नकोयस. माई, सोलापूरचा मे तू विसरलीस. दुपारी पारा ४२-४३ वर असतो. एसटीच्या जुन्या गाडीत इंजिनाचं बोनेट ड्रायव्हरच्या मांडीशेजारीच असायचं, मी ओला पंचा डोक्यावर घेऊन गाडी चालवायचो आणि अर्ध्या तासात तो वाळायचा. मला निदान घाम यायचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाला थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त धापण्यावर. बंद गाडी उन्हात दहा मिनिटं उभी राहिली तरी आत दहा-अकरा अंशांनी जास्त तापते. पाच मिनिटांत दूध घेऊन येते म्हणून त्यांना आत ठेवून कधी जाऊ नकोस, काच थोडी उघडी ठेवूनही नाही.

तुझ्या बॅटरीचा हिशेबही मी कागदावर मांडला. १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास म्हणजे १२८० वॅट-तास. २५ वॅटचा पंखा दहा तास चालला तर २५० जातात, म्हणजे पंख्यावर रात्र निघते. पण एक टनाचा एसी लावलास तर तासाभरात बॅटरी बसेल. म्हणून उन्हाळाभर वर डोंगरात राहिलीस ते शहाणपणाचं केलंस. ते मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. एखाद्याला ऊन लागलंच, जीभ लाल होऊन लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर बर्फ लावू नको. साधं पाणी पोटावर, काखेत, पंजांवर ओत, पंखा धर आणि तसाच डॉक्टरकडं ने.

आता ये. थंडी पडली की धुळ्याहून खाली उतर. चाळीसगावच्या पुढं कन्नडचा घाट दिवसाउजेडी चढ, मग संभाजीनगर, बीड, धाराशिव करत सरळ घरी. वाटेत उसाचं रान असेल तिथं रात्री दोघांना बाहेर बांधू नकोस, बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपं भक्ष्य. हिमाचलात मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे असतात असं तूच सांगितलं होतंस, ते याचसाठी. आणि इथं आल्यावर नान्नजच्या माळावर त्यांना मोकळं सोडायचं मनातही आणू नकोस, जागा कितीही मोकळी दिसली तरी. ते माळढोकाचं अभयारण्य आहे. तो पक्षी उघड्या जमिनीवर एखादंच अंडं घालतो, आणि उरलेत किती थोडे. लांडगेही आहेत तिथं, आपल्या कुत्र्यांचे रोग त्यांना लागतात.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून सातही नंदीध्वज बघायचीस. अक्षता सोहळ्याला तू, मी, आई तिघं जाऊ. त्या गर्दीत बाजी-चिमी या दोन्ही कुत्र्यांना नेता येणार नाही, पण त्यांच्याजवळ घरी बसायला काकू तयार आहेत. शोभेच्या दारूकामाच्या रात्री मात्र मी घरी थांबेन. दिवाळीत चिमी पलंगाखाली थरथरत होती म्हणालीस ना? मधल्या खोलीला बाहेरची खिडकी नाही. तिथं जाड चादरी पसरून ठेवतो, रेडिओ लावतो आणि दोघांजवळ बसतो. शेंगाचटणी तुझ्यासाठी किलोभर करून ठेवलीय, पण त्यात लसूण आहे, त्यांना चाटायलाही देऊ नकोस. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला वाईट. त्यांच्यासाठी ज्वारीची बिनमिठाची भाकरी आणि ताक, असं तुझ्या आईनं ठरवलंय. रेबीजच्या लसीची वर्षाची तारीख जवळ आली असेल तर इथल्या जनावरांच्या डॉक्टरांकडं घेऊ, गोचीडही बघून देतील.

बाजी आठ वर्षांचा झाला. तुझ्या गाडीची पायरी त्याला उंच पडत असणार, व्हिडिओत तो चढण्याआधी थांबतो ते मी बघितलं. मी त्याच्यासाठी फळीचा उतार करायला घेतलाय, पाच फूट लांब, मधे बिजागरी, म्हणजे दुमडून पलंगाखाली जाईल. पाय घसरू नये म्हणून वर जुनी सोलापुरी चादर ठोकतोय, ती तुझ्या लहानपणची लाल-निळी. फाटली होती, पण वीण अजून घट्ट आहे.

येताना गाडीची एक यादी करून आण, काय वाजतं, काय ओढतं, काय गळतं. आठ दिवस गाडी इथं राहील, मी आणि आमचा निवृत्त मेकॅनिक मित्र मिळून सगळं बघू. मग तुला जिथं जायचं तिथं जा. मी आडवा येणार नाही. फक्त दर पंधरा दिवसांनी तशी यादी मला पाठवत जा, आणि रात्री कोणी दार ओढलं तर आईच्या आधी मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.

फाटक रुंद करून घेतलंय, आता साडेआठ फूट आहे. आत पंधरा अँपिअरचा पॉइंटही काढलाय. पण कडुलिंबाची एक फांदी खाली आलीय आणि तुझ्या टपावर ते सोलर आहे. जमिनीपासून सोलरच्या वरपर्यंत टेपनं मोजून उंची कळव. अंदाजानं सांगू नकोस. लागेल तेवढीच फांदी काढीन, त्या सावलीत दोघांना बसायचंय.

तुझे,
अप्पा