बिननाकाची सायकल सीट : आधी मोजमाप, मग खरेदी

महोदय,

तासभर सायकल चालवली की जांघेत मुंग्या येतात, भाग बधिर होतो. संकोचापोटी कोणी बोलत नाही आणि बोललेच तर ‘सवय होईल’ असे ऐकावे लागते. हा सल्ला घातक आहे. सीटच्या नाकावर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, भार पडला की तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबतात. अमेरिकेतील ‘नायोश’ या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीट दिल्या. तेव्हा दाब आणि बधिरपणा दोन्ही बरेच घटले. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र नाकाचेही काम असते. खड्डा चुकवताना किंवा हात दाखवून वळताना आपण नकळत मांड्यांनी सीट धरतो. सिंहगडाच्या उतारावर हा आधार नसला तर सायकल सैल वाटते. शरीर पुढे घसरते, भार तळहातांवर येतो आणि करंगळी बधिर होते. त्यावर उपाय म्हणजे हँडल दोन-तीन सेंटीमीटर वर घेणे. सीट पुढे झुकलेली तर मुळीच नको.

रुंदी अंदाजाने घेऊ नये. कडक स्टुलावर पन्हळी पुठ्ठा ठेवून त्यावर बसावे, पाय किंचित उचलावेत. बैठकीच्या हाडांचे दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर मोजावे. सीटचा भरीव भाग त्याहून साधारण दोन सेंटीमीटर रुंद हवा. दोन वेगळ्या गाद्यांची सीट असेल तर प्रत्येक हाड गादीच्या मधोमध यावे. जुनी सीट काढण्याआधी क्रँकच्या अ‍ॅक्सलपासून (पेडलच्या दांड्या ज्या आसावर फिरतात तिथून) तिची उंची लिहून ठेवावी, कारण नवी सीट बहुधा जाड असते. जुन्या काळ्या सायकलींच्या दातेरी क्लिपमध्ये सीटचा उतार एकेका दात्याने उडी मारतो, बारीक जुळवणी होत नाही. तिथे बोल्टने उतार बदलणारा सीटपोस्ट (सीटखालची दांडी) बसवावा. आठवड्याने बोल्ट पुन्हा आवळावेत.

खर्च करण्याआधी आहे ती सीट तपासावी. नाक वर उचललेले किंवा सीट फार उंच असेल, तर निम्मे दुखणे तिथेच असते. गर्दीतून ये-जा करणाऱ्याला मध्ये खाच असलेली, आखूड नाकाची सीट अधिक सोयीची. सपाट रस्त्यावर तासन्‌तास बसणाऱ्यांनी मात्र बिननाकाची जरूर वापरून पाहावी. पुण्यातील विक्रेत्यांनी ती विकताना हाडांचे माप घ्यावे आणि आठवडाभरात बदलून द्यावी, ही विनंती.

– एक सायकल कारागीर, कसबा पेठ, पुणे