द्राक्षबागेतली फवारणी आणि पार्किन्सन: नाशिकमध्ये कोणी मोजणार का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला पार्किन्सनवरचा (म्हणजे कंपवातावरचा) लेख वाचला. मेंदूत तार घालून थरथर कशी थांबवतात ते छान समजावलंय, पण वाचून असं वाटतं की संशोधन म्हणजे एकतर ऑपरेशन थिएटर नाहीतर लॅब, तिसरं काही नाहीच. या आजारावर आयुष्य घालवलेले कितीतरी न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर, लोकांच्या दारात जाऊन माणसं मोजत आणि प्रश्न विचारत आलेत, त्यांच्यावर एक ओळ पण नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल.

अमेरिकेतल्या डॉ. कॅरोलिन टॅनर यांचंच बघा. पार्किन्सन नेमका होतो कशामुळे, या एका प्रश्नामागे त्यांनी अख्खी कारकीर्द लावली. त्याच्या आधी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी पोरं अचानक पुतळ्यासारखी थिजली होती, बोलता येईना की हलता येईना. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी खोदून काढलं तेव्हा कळलं की त्यांनी टोचून घेतलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन होतं, आणि त्याने मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या. म्हणजे बाहेरचं एखादं रसायन हे करू शकतं हे सिद्ध झालं. वर आणखी एक गोष्ट, एमपीटीपीचं शरीरात जे रूप होतं ते पॅराक्वाट या तणनाशकासारखंच दिसतं, अगदी थोडा फरक.

टॅनर बाईंनी मग दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांमधल्या जुळ्या भावांचा अभ्यास केला, जवळपास २० हजार माणसं, निष्कर्ष १९९९ मध्ये आला. पन्नाशीनंतर होणाऱ्या पार्किन्सनमध्ये आनुवंशिकतेचा हात फारसा दिसला नाही. मग उरतं काय? माणूस काय खातो, कुठे राहतो, काय हाताळतो. २०११ मध्ये आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या फवारणी करणाऱ्या शेतकरी कुटुंबांवरचा त्यांचा अभ्यास आला, त्यात पॅराक्वाट किंवा रोटेनॉन हे कीटकनाशक वापरलेल्यांमध्ये पार्किन्सनचं प्रमाण साधारण अडीच पट निघालं. आणि याच लोकांवरच्या पुढच्या अभ्यासात, जे हातमोजे घालायचे त्यांच्यात पॅराक्वाटचा हा संबंध दिसला नाही. किती साधी गोष्ट आहे बघा, पण कोणीतरी बसून विचारलं म्हणून कळली. युरोपात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या मुंबईचं घ्या. डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी कॉलन्यांमध्ये घरोघर जाऊन १४ हजार माणसं पाहिली, त्यात ४६ जणांना पार्किन्सन निघाला. १९८८ मध्ये ते छापून आलं आणि आजही जगभर त्याचा दाखला देतात.

आता आमच्या घरचं. माझे चुलते तात्या, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, आयुष्यभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली. पंप गळायचा, पाठ भिजायची, औषध बादलीत काठीने नाहीतर सरळ हातानेच ढवळायचं, हातमोजे घालून कोण फवारतो आमच्याकडे! सही बारीक बारीक होत गेली, बँकेतून स्लिप परत यायला लागली तेव्हा कुठे आम्ही त्यांना नाशिकला आणलं. डॉक्टर चांगले होते, बोटं आपटून बघितली, चालवून बघितलं, तात्या वास येतो का म्हणून विचारलं, तर काकूच म्हणाली अहो आमटी करपली तरी यांना पत्ता नसतो, किती वर्षं झाली. (वास जाणं हे थरथर सुरू व्हायच्या कितीतरी आधीचं लक्षण असू शकतं हे तेव्हाच कळलं.) केसपेपरवर लिहिलं, व्यवसाय: शेती. झालं. काय फवारलं, किती वर्षं, हे कुठेच आलं नाही. डॉक्टरांना दोष देत नाही, बाहेर पेशंटची ही गर्दी. आणि तात्यांना फवारणीमुळेच झालं असंही माझं म्हणणं नाही, एका माणसावरून ते कोणीच सांगू शकत नाही, मोजावंच लागतं.

मग मोजा ना. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या पट्ट्यात फवारणी करणारी इतकी माणसं आणि म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, राज्यभरातल्या मेडिकल कॉलेजांचं मुख्यालयच आपल्या गावात. एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो, त्यातल्या दोन-चार जणांना चार गावं वाटून दिली, सोबत एखादा न्यूरॉलॉजिस्ट आणि गावातल्या आशाताई दिल्या तरी सुरुवात होईल, याला कोट्यवधीचं मशीन लागत नाही. निदान केसपेपरवर शेतीच्या पुढे 'काय फवारता' एवढा एक रकाना तरी वाढवा. बागेत रोजाने फवारणीला येणाऱ्या मजुरांना तर यात पहिल्यांदा धरायला हवं, कारण मालकापेक्षा त्यांच्याच अंगावर जास्त औषध पडतं आणि त्यांचा केसपेपरच नसतो.

तुमच्या बातमीदाराने विद्यापीठात जाऊन एवढं विचारावं अशी विनंती. आणि कृषी पानावर द्राक्षांवरच्या भुरी-डावणी रोगांचा सल्ला तुम्ही छापताच, त्याच्याच खाली हातमोज्यांचं पण छापा, ऑक्टोबर छाटणीच्या आधी आलं तर बरं.

आपला एक नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक