ओल्ड गोव्यात दांतुरेच्या लढाईचा एक तरी बोर्ड लावा: गोव्याच्या पुराभिलेख मंत्र्यांना खुलं पत्र

मंत्रीसाहेब, नमस्कार.

ओल्ड गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखाली गाइड वास्को द गामाचा पुतळा दाखवतात, पणतूने कमान बांधली वगैरे सांगतात, फोटो काढून झाले की चला पुढे. पण ती कमान बांधायच्या थोडीच वर्षं आधी, १५९४ ला, गोव्याहूनच पोर्तुगीज सेनापती पेद्रो लोपिश द सोझा श्रीलंकेतलं कँडीचं राज्य घ्यायला गेला आणि दांतुरेच्या लढाईत अख्खी फौज घालवून बसला, हे कुणी सांगत नाही.

प्लॅन कागदावर भारी होता. कँडीची राजकन्या कुसुमासना देवी पोर्तुगीजांकडेच वाढलेली, बाप्तिस्मा होऊन डोना कातारिना झालेली, तिला गादीवर बसवायचं आणि नवरा पोर्तुगीज द्यायचा, झालं राज्य खिशात. समोर होता कँडीची गादी बळकावून बसलेला सिंहली सरदार कोनप्पू बंडार, आणि गंमत बघा, हा पठ्ठ्या आधी गोव्यात राहून गेलेला, त्यामुळे साहेब लोक कसे विचार करतात हे त्याला पुरतं माहीत. पोर्तुगीजांच्या बाजूचा सिंहली सरदार जयवीर बंडार फितूर आहे असं वाटावं असं एक बनावट पत्र त्याने बरोब्बर त्यांच्याच हाती पडू दिलं. त्यांनी शहानिशा न करता जयवीरला मारून टाकलं, मग त्याचे लास्करिन, म्हणजे तिथले स्थानिक शिपाई, कशाला थांबतायत, गेले सोडून. उरलेली फौज उपाशीपोटी डोंगरातून बलनाच्या खिंडीकडे माघारी निघाली ती दांतुरेला कापली गेली. राजकन्या कोनप्पूच्या हाती लागली, त्याने तिच्याशी लग्न केलं, आणि कँडी पुढे १८१५ पर्यंत स्वतंत्र राहिलं.

आता यात गोव्याचं काय, असं कुणी म्हणेल. तर गोव्याचे पाद्री जोसेफ वाझ, ज्यांना आपण संत म्हणून पुजतो, त्यांनी पुढे श्रीलंकेचा किनारा घेतलेल्या डचांच्या छळापासून लपत तिथे काम केलं ते कँडीच्या आसऱ्याने, आधी हेर समजून कैदेत टाकलं ते सोडा, आणि त्यांना आसरा देणारा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा याच कुसुमासना देवीचा नातू! दांतुरेला निकाल उलटा लागला असता तर त्यांना हा आसरा कुठून मिळाला असता?

मागणी साधी आहे. तुमच्या खात्याकडे लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराच्या जुन्या वह्या आहेत, त्यातली श्रीलंकेची पत्रं शोधून मराठी-कोकणीत एक छोटं प्रदर्शन लावा. आणि कमानीजवळच्या बोर्डसाठी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याशी बोलावं लागेल, ते तेवढं बोलून घ्या, तुमच्या एका फोनने होईल.