‘९८ टक्के अॅलर्जी कमी’ म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अॅलर्जीमुक्त शेंगदाणा’, ‘अॅलर्जी न होणारे अंडे’ अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यामागचे संशोधन बहुतेक वेळा खरे असते, मथळा मात्र खरा नसतो. अन्नाची अॅलर्जी असलेले मूल ज्या घरात आहे, तिथे असे कात्रण जपून ठेवले जाते. पुढे कधीतरी कुणीतरी ‘आता चालते म्हणे’ असे म्हणत त्या मुलाच्या हातावर दोन दाणे ठेवते. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी आकड्यांचे बोलू. २०१४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी स्टेट युनिव्हर्सिटीची एक पद्धत बरीच गाजली. सालपट काढलेल्या, भाजलेल्या शेंगदाण्यांवर एन्झाइमची प्रक्रिया केल्यावर ‘आरा एच १’ हे शेंगदाण्यातले एक मुख्य अॅलर्जीकारक प्रथिन चाचणीत सापडेनासे झाले आणि तसलेच दुसरे, ‘आरा एच २’, ९८ टक्क्यांपर्यंत घटले. काम चांगलेच आहे. पण एक दाणा साधारण एक ग्रॅमचा धरा. त्यात पाव भाग प्रथिने, म्हणजे २५० मिलिग्रॅम. अगदी उदार होऊन असे मानू की दाण्यातली सगळीच अॅलर्जीकारक प्रथिने सारखी ९८ टक्के घटली. तरी ५ मिलिग्रॅमइतका ऐवज शिल्लक राहतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शेंगदाण्यासाठी सुचवलेली संदर्भ मात्रा आहे २ मिलिग्रॅम प्रथिन. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांना तेवढ्याने उघड लक्षणे दिसू नयेत, असा तिचा अर्थ. म्हणजे प्रक्रिया केलेला एकच दाणा ही मर्यादा ओलांडतो. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाणे खायचे असतील तर ७,५०० मिलिग्रॅम प्रथिन २ मिलिग्रॅमवर आणावे लागेल. ही घट होते ९९.९७ टक्के, जवळजवळ पावणेचार हजार पट. ९८ टक्के म्हणजे फक्त पन्नास पट. वाचणाऱ्याला ९८ आणि ९९.९७ शेजारी शेजारी वाटतात. रुग्णाच्या शरीराला तसे वाटत नाही.

प्रथिनात बदल करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हेही सांगायला हवे. अॅलर्जी असलेल्या माणसाच्या ‘मास्ट’ नावाच्या संरक्षक पेशींवर ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे बसलेली असतात. अन्नातल्या प्रथिनाचा एक रेणू अशा दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी चिकटला, त्यांच्यात पूल बांधला गेला, की पेशी फुटल्यासारखी हिस्टामिन हे रसायन बाहेर टाकते. पुढचे पित्त उठणे, ओठ सुजणे, दम लागणे, रक्तदाब कोसळणे त्यातूनच होते. तेव्हा करायचे एवढेच, की प्रतिपिंडे चिकटण्याच्या जागा मोडायच्या किंवा रेणूचे इतके बारीक तुकडे करायचे की एका तुकड्यावर अशा दोन जागा उरणारच नाहीत. सांगायला सोपे आहे. अडचण अशी की या जागा दोन प्रकारच्या असतात. काही अमिनो आम्लांच्या सरळ साखळीत असतात, काही साखळीची घडी पडल्यामुळे तयार होतात. उष्णतेने घडी उलगडते, साखळी तुटत नाही. म्हणून ज्याची प्रतिपिंडे घडीला ओळखतात त्याला उकळलेला पदार्थ चालू शकतो, आणि ज्याची साखळीला ओळखतात त्याला तोच पदार्थ पहिल्याइतकाच घातक ठरतो. दोघांच्याही कागदावर निदान एकच लिहिलेले असते.

दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के असलेल्या केसिनला मुळात घट्ट घडीच नाही, मग उष्णता उलगडणार काय? याउलट अंड्याच्या पांढऱ्यातले ओव्हाल्ब्युमिन तापवल्यावर बदलते. त्याच्याच शेजारचे ओव्होम्युकॉइड मात्र गंधकाच्या नऊ बंधांनी शिवलेले असते आणि उकळूनही पुष्कळसे शाबूत राहते. शेंगदाण्याचे ‘आरा एच २’ याच जातीचे. त्याच्यातले गंधकाचे बंध शाबूत असतील तर पचनातली एन्झाइमे त्याचा गाभा कापू शकत नाहीत. प्रयोगशाळेत ते बंध आधी तोडले तर तेच प्रथिन झटकन पचते. या एका कुलपात बरीचशी गोष्ट अडकलेली आहे.

‘नीट शिजवले की अॅलर्जी जाते’ हा समज तर मोडूनच काढायला हवा. शेंगदाणा १५० ते १७० अंश सेल्सियसला कोरडा भाजला की त्यातली प्रथिने आणि शर्करा एकमेकांना चिकटतात. खमंग वास आणि तपकिरी रंग येतो तो यातूनच. अशा प्रथिनांना प्रतिपिंडे कच्च्या दाण्यापेक्षा जास्त घट्ट चिकटतात, असे अभ्यासांत दिसले आहे. पाण्यात उकळलेल्या दाण्याची अॅलर्जीकारकता घटते, पण त्याचे एक मोठे कारण साधे आहे: लहान, विद्राव्य प्रथिने पाण्यात उतरतात. ती नष्ट झालेली नसतात, पातेल्यातल्या पाण्यात असतात. ते पाणी दुसऱ्या पदार्थात घातले, किंवा त्याच भांड्यात पुढचे काही शिजवले, की अॅलर्जीन, म्हणजे अॅलर्जी आणणारे प्रथिन, तिथे पोहोचले.

आता मोजमापातली एक चूक जरा सावकाश सांगतो, कारण ‘इतके टक्के घट’ असे पुष्कळसे दावे तिच्यावर उभे असतात. अॅलर्जीन मोजायला सहसा ‘एलायझा’ ही चाचणी वापरतात. त्यासाठी नमुना दळून खारट द्रावणात ढवळतात, गाळ खाली बसवतात आणि वरचे निवळ द्रावण तपासतात. तापवलेली प्रथिने एकमेकांत गुंतून गोळा होतात आणि अशा द्रावणात विरघळत नाहीत. ती गाळात जातात, गाळ फेकला जातो आणि अहवालात येते ‘९० टक्के घट’. प्रत्यक्षात जे द्रावणात उतरलेच नाही ते मोजलेच गेलेले नाही. खाणाऱ्याच्या जठरात आम्ल आहे, पेप्सिन हे पाचक एन्झाइम आहे, आतड्यात पित्तरस आहे. तिथे तोच गाळ विरघळतो आणि अॅलर्जीन मोकळे होते. म्हणून प्रामाणिक प्रयोगात यूरिया किंवा एसडीएससारखे तीव्र द्रावक आणि गंधकबंध तोडणारे रसायन वापरून दुसऱ्यांदा प्रथिने काढतात, एकूण प्रथिन आधी किती होते आणि नंतर किती मिळाले याचा ताळा लावतात, आणि गाळही तपासतात. दुसरी खोच अशी की एलायझातले प्रतिपिंड बहुधा प्राण्यात तयार केलेले असते आणि ते प्रथिनावरची ठरावीक जागा ओळखते. ती जागा बदलली की चाचणी ‘आढळले नाही’ म्हणते, पण रुग्णाचे आयजीई भलतीच जागा धरून बसलेले असू शकते. त्यामुळे पुढची पायरी रुग्णांच्या रक्तद्रवाची, आणि तीसुद्धा सगळ्यांचा एकत्र मिसळून नव्हे, एकेकाचा वेगळा. मिसळलेल्या रक्तद्रवात एखाद्याच वेगळ्या रुग्णाचा इशारा बुडून जातो. त्यानंतर रक्तातल्या बेसोफिल पेशींची चाचणी, त्वचेवर टोचून चाचणी, आणि शेवटी रुग्णालयात, डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कशात काय आहे हे ठाऊक नसताना, दिलेली अन्नचाचणी. तिच्यात ३, १०, ३०, १००, ३००, १,००० आणि ३,००० मिलिग्रॅम प्रथिन अशा चढत्या मात्रा निदान १५ ते ३० मिनिटांच्या अंतराने देतात. या शेवटच्या पायरीपर्यंत न पोहोचलेल्या पदार्थाला ‘सुरक्षित’ हा शब्द लावू नये, असे आमचे ठाम मत आहे.

एन्झाइमने तुकडे करण्याची पद्धत सर्वांत मुरलेली आहे ती बाळांच्या दुधाच्या पावडरीत. दुधाचे प्रथिन पाण्यात घेऊन आधी तापवतात, कारण बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या दुधातल्या प्रथिनाची मूळ घडी शाबूत असेल तर पेप्सिन तिला दाद देत नाही. फार तापवले तर तेच प्रथिन गुठळ्या धरते आणि मग एन्झाइम आत शिरत नाही. मधला बिंदू पकडावा लागतो. नंतर ५० ते ६० अंशांवर, आम्लता सतत सांभाळत, एकाहून अधिक एन्झाइमे लावतात, कारण प्रत्येकाची कापण्याची जागा वेगळी असते. शेवटी उष्णतेने एन्झाइम मारून द्रावण अतिसूक्ष्म गाळणीतून काढतात, म्हणजे न तुटलेले मोठे तुकडे मागे राहतात. ही गाळणी फाटली किंवा कडेने गळली, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. तुरळक अखंड रेणूही संवेदनशील बाळाला पुरतात. पूर्ण विघटित पावडरीत बहुतेक तुकडे ३,००० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजायचे एकक) लहान असतात. त्या कडू लागतात, कारण साखळीच्या पोटात दडलेली तेलकट स्वभावाची अमिनो आम्ले उघडी पडतात. कडूपणा टाळायला तुकडे कमी केले की अॅलर्जीन उरते. या ओढाताणीवर अजून सोपा तोडगा नाही. पालकांनी एवढे नक्की लक्षात ठेवावे की ‘अंशतः विघटित’ पावडर ही दुधाची अॅलर्जी असलेल्या बाळासाठी नाही. ‘पूर्ण विघटित’ पावडरीचाही निकष असा आहे की अॅलर्जी असलेल्या बाळांपैकी निदान ९० टक्क्यांना ती चालावी, आणि हे ९५ टक्के खात्रीने सिद्ध झालेले असावे. उरलेल्यांसाठी निव्वळ अमिनो आम्लांची पावडर लागते. या क्षेत्रातला हा सर्वांत काटेकोर निकष, आणि तोही ‘सर्वांना चालेल’ असे म्हणत नाही.

अख्ख्या दाण्यावर हीच युक्ती लावताना वेगळी अडचण येते. एन्झाइम हे स्वतःच एक मोठे प्रथिन, ते घट्ट दाण्याच्या गाभ्यापर्यंत सहज झिरपत नाही. बाहेरचा थर साफ होतो, आतला तसाच राहतो. पीठ केले तर काम एकसारखे होते, पण मग तो दाणा राहत नाही. उत्पादकांसाठी आणखी एक सूचना: या एन्झाइमांची कोरडी भुकटी श्वासात गेली तर कामगारांना दमा होऊ शकतो. ती द्रवरूपातच हाताळावी.

जनुकीय मार्गाकडे आम्ही आशेने पाहतो. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी ओव्होम्युकॉइडचे जनुक बंद केलेल्या कोंबड्या तयार केल्या, आणि त्यांच्या अंड्यांत ते प्रथिन नसल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या जनुकातून अर्धवट, विकृत प्रथिन तयार होत नाही ना, हेही त्यांनी तपासले. असा खबरदारीचा प्रयोग वाचून बरे वाटते. याची उलट बाजूही घडून गेली आहे. सोयाबीन अधिक पौष्टिक करण्यासाठी त्यात ब्राझील नटचे एक प्रथिन घातले गेले, आणि त्या सोयाबीनला ब्राझील नटची अॅलर्जी असलेल्यांची प्रतिपिंडे चिकटतात असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाण बाजारात आले नाही. तपासणी वेळेवर झाली म्हणून.

बदललेल्या प्रथिनाचा खरा उपयोग औषध म्हणून व्हावा, अशी कल्पना जुनी आहे: आयजीईला चिकटणार नाही पण शरीराला सवय लावेल असे प्रथिन. शेंगदाण्याच्या तीन मुख्य प्रथिनांत नेमकी अमिनो आम्ले बदलून, ती निर्जीव जिवाणूंत बंद करून गुदमार्गे देण्याची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. अॅलर्जी असलेल्या १० पैकी ५ जणांना प्रतिक्रिया आल्यामुळे मात्रा पूर्ण करता आल्या नाहीत. कागदावर चिकटण्याच्या जागा पुसलेल्या होत्या, शरीरात पुरेशा पुसल्या गेल्या नव्हत्या. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळालेले शेंगदाण्याचे तोंडावाटे घ्यायचे औषध तर न बदललेल्याच प्रथिनाचे आहे. ते अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि महिनोन्‌महिने वाढवत ३०० मिलिग्रॅमवर नेले जाते. त्या रुग्णांनीही शेंगदाणा टाळायचाच असतो आणि तीव्र अॅलर्जीवर तातडीने घ्यायचे एपिनेफ्रिनचे इंजेक्शन जवळ बाळगायचेच असते.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांना आमची विनंती अशी. ‘मुक्त’ या शब्दाऐवजी ‘कमी अॅलर्जीकारक’ लिहावे. बातमीत कोणते प्रथिन घटले, किती उरले, ते कसल्या द्रावणात काढून मोजले, आणि पदार्थ अॅलर्जी असलेल्या किती माणसांना प्रत्यक्ष खाऊ घातला, एवढे विचारून छापावे. उत्तर ‘अजून कुणालाच नाही’ असेल, तर तेच पहिल्या परिच्छेदात यावे. पाकिटावर मूळ पदार्थाचा इशारा कायम राहायला हवा. ओव्होम्युकॉइड नसलेले अंडे हेही अंडेच; त्यात ओव्हाल्ब्युमिन, ओव्होट्रान्सफेरिन आणि लायसोझाइम आहेतच. ती उष्णतेने बऱ्याच अंशी निकामी होतात, म्हणून असे अंडे कधी बाजारात आले तर त्याच्या पाकिटावर ‘अंडे’ या शब्दाखालीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, ‘मधला भाग घट्ट होईपर्यंत शिजवल्याशिवाय खाऊ नये’ असे छापलेले असावे.

आपले नम्र,
अन्नप्रथिने आणि अॅलर्जी या विषयाचे काही अभ्यासक