लकव्यानंतरचे पहिले 3 महिने: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

विषय: पक्षाघाताच्या रुग्णांना घरी आल्यानंतर मिळावयाच्या सेवेबाबत.

महोदय,

परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातून हे पत्र लिहीत आहे. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या आईला, वय वर्षे 67, पक्षाघाताचा झटका आला. आमच्याकडे लकवा मारला असेच म्हणतात. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे ती वेळ टळून गेल्यावर आम्हाला कळले. तरीही तिचा जीव वाचला, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचाराचे बिल भरावे लागले नाही, हे कृतज्ञतेने नोंदवते. माझे म्हणणे त्यापुढच्या दिवसांविषयी आहे.

नवव्या दिवशी मायला घरी सोडले. उजवी बाजू लुळी, बोलणे अडखळत, आणि आमच्या हाती दिलेल्या कागदावर औषधांच्या नावांखाली इंग्रजीत एकच ओळ: फिजिओथेरपी करावी. ती कशी करायची हे कोणी करून दाखवले नाही. आम्ही तिला बाजेवरून उठवताना लुळ्या हाताला धरून ओढत होतो. अशा हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, त्यामुळे ओढले की सांधा जागचा सरकू लागतो, हे समजेपर्यंत तीन आठवडे ती रात्र रात्र कण्हत होती. पाणीही आम्ही निजवूनच पाजत होतो. ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन घोट घोट पाजावे, एवढी साधी गोष्टही आम्हाला ठाऊक नव्हती. भेटायला येणाऱ्यांपैकी कोणी पारव्याच्या रक्ताने मालीश करा म्हणून सांगत होते. त्यांना मी दोष देत नाही, कारण नीट सांगणारे दुसरे कोणी आमच्या दारात आलेच नव्हते.

पुढे खूप शोधाशोध केल्यावर, 40 किलोमीटरवरून आठवड्यातून एकदा घरी यायला एक फिजिओथेरपिस्ट तयार झाले. त्यांनी पहिल्याच दिवशी मायला विचारले, की दिवसभर हाताने काय काम करायचीस. मग परातीत ज्वारीच्या पिठाचा गोळा ठेवून, डाव्या हाताने उजवा हात धरून तो मळायला लावला. रबरी चेंडू तिने दोनदा भिरकावून दिला होता. पिठाचा गोळा मात्र ती सोडायला तयार होईना. दीड महिन्यानंतर तिने पहिली भाकरी थापली. ती एका बाजूने जाड झाली होती आणि कडेने चिरली होती, पण ती थापताना तिची पाचही बोटे उघडत होती.

पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या 3 महिन्यांत सर्वाधिक असतो आणि त्यानंतर तो मंदावतो. आमचा त्यातला महिना वाया गेला. ज्या घरात गाडीभाड्याला पैसे नाहीत, किंवा ज्यांची कर्ती माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्या घरात तिन्ही महिने वाया जातात.

घरी जाऊन सेवा देणे आपल्या विभागाला नवे नाही. नवजात बाळ दवाखान्यातून घरी आले, की आशाताई 42 दिवसांत ठरलेल्या दिवशी 6 भेटी देतात. या पद्धतीचा पाया आपल्याच राज्यात, गडचिरोलीत घातला गेला. लकव्याच्या रुग्णासाठीही अशाच ठरलेल्या भेटी का असू नयेत? तमिळनाडूने ऑगस्ट 2021 मध्ये सुरू केलेल्या योजनेत रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांबरोबर फिजिओथेरपीही घरपोच दिली जाते.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की रुग्णाला सोडण्यापूर्वी घरातील एका माणसाला उठवणे, कूस बदलणे आणि भरवणे हे हाताने करून शिकवावे व त्याचा चित्रांसह मराठी कागद द्यावा. रुग्ण घरी येत असल्याचा निरोप त्याच दिवशी गावच्या उपकेंद्राला जावा. या भेटींचा मोबदला आशाताईंना वेगळा मिळावा, कारण त्यांच्यावर आधीच पुष्कळ कामे आहेत. आणि प्रत्येक तालुक्याला असा फिजिओथेरपिस्ट असावा, ज्याचे गावोगावी जाण्याचे दिवस ठरलेले असतील. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरील गरजूंना साहित्यासाठी 3,000 रुपये मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायची असते, हेही कोणीतरी सांगावे लागते. आम्ही ती आठ दिवस लुळ्या हातात देत होतो.

आमच्याच गल्लीत एका काकांना लकव्यानंतर नुकतेच घरी आणले आहे. मला येते तेवढे मी त्यांच्या सुनेला दाखवून आले, पण मी फिजिओथेरपिस्ट नाही. त्यांच्या 3 महिन्यांतले आज 11 दिवस झाले.

आपली विश्वासू,
एक मुलगी, जिल्हा परभणी