विषयपत्रिकेचा क्रम

नागपूर,
दि. १४ डिसेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझ्या पत्राचे उत्तर लांबले, त्याला एक कारण आमच्या सोसायटीचे सचिवपद आणि दुसरे गेल्या शनिवारी धरमपेठेत ऐकलेले व्याख्यान. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात इतक्या गुंतल्या आहेत की एक सांगताना दुसरी सांगावीच लागेल.

व्याख्यानाचा विषय होता ‘पब्लिक चॉइस’चा, म्हणजे राजकीय निर्णयांकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्या शाखेचा, उगम. हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्चांसाठी अडवलेले होते, तरीही सभागृह भरले होते. पुढारी आणि अधिकारी स्वतःचेच हित पाहतात हे शास्त्राने सिद्ध केले आहे असे कोणी सांगणार असेल, तर अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरकर ते ऐकायला पायी येईल. वक्त्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी आमची निराशा लगेच केली. “एवढे तर बर्डीवरचा ऑटोवालाही सांगतो,” त्या म्हणाल्या, “त्याला नोबेल कशाला हवे?” आणि पुढाऱ्यांना बाजूला ठेवून त्या समित्यांकडे वळल्या.

डंकन ब्लॅक हे स्कॉटलंडचे अर्थशास्त्रज्ञ. महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या फेब्रुवारीत, वॉरिकच्या किल्ल्यात कुठे आग लागते का यावर रात्री पहारा देण्याची पाळी त्यांच्यावर आली असताना, समिती बहुमताने निर्णय घेते म्हणजे नेमके काय करते, याची आकृती त्यांना सुचली. वर्गणी किती ठेवावी यासारखा प्रश्न असेल, प्रत्येकाचा एक आवडता आकडा असेल आणि त्यापासून दूर जावे तशी नापसंती वाढत असेल, तर रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मतदाराचा आकडा बाकी कोणत्याही आकड्यावर मात करतो. हे त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र प्रश्न असा एका रेषेवर मांडता येत नसेल, तर बहुमत गोल गोल फिरू शकते, आणि ही गोम फ्रान्सच्या कोंडोर्सेने १७८५ मध्येच दाखवून ठेवली होती.

इथे मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, सुधाकर. आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत आणि गेल्या वर्षी निधी एकाच कामापुरता होता. खालच्या चौघांना आधी पाण्याची टाकी हवी होती, नाहीतर गच्ची, आणि लिफ्टशी त्यांना कर्तव्य नव्हते. मधल्या चौघांना आधी लिफ्ट, मग टाकी, शेवटी गच्ची. आम्ही वरचे चौघे. पावसाळ्यात आमच्या दिवाणखान्यात बादली ठेवावी लागते, म्हणून आधी गच्ची, मग लिफ्ट, शेवटी टाकी. आता दोन-दोन पर्यायांवर मत घेऊन पाहा. गच्ची लिफ्टला हरवते, लिफ्ट टाकीला हरवते, आणि टाकी गच्चीला हरवते, प्रत्येक वेळी आठ विरुद्ध चार! सभेत मी प्रथम लिफ्ट आणि टाकी यांच्यावर मत घेतले, टाकी बाद झाली, मग लिफ्टसमोर गच्ची ठेवली आणि गच्ची जिंकली. तो क्रम मी विषयपत्रिकेत सहज लिहिला होता असे मी वर्षभर स्वतःला सांगत आलो. सभागृहातल्या त्या खुर्चीत मला ते पुन्हा सांगवेना.

पुढचा भाग जेम्स बुकॅनन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचा. १९४८ मध्ये डॉक्टरेटचे काम संपवून ते शिकागोच्या हार्पर ग्रंथालयातली धुळीने माखलेली कपाटे चाळत होते, तेव्हा त्यांच्या हाती स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ क्नूट विक्सेल यांचे १८९६ चे जर्मन पुस्तक लागले. प्रजाहितदक्ष राजाच्या दरबारी असल्यासारखे अर्थशास्त्रज्ञांनी सल्ले देत बसू नये. ज्या नियमांनी निर्णय होतात ते नियम तपासावेत, आणि खर्चाचा प्रस्ताव त्याच्या करासह, शक्यतो सर्वसंमतीच्या जवळ जाऊन मंजूर व्हावा, असा त्याचा रोख होता. याच धाग्यावरून बुकॅनन यांनी कायद्याचे शिक्षण घेतलेल्या गॉर्डन टलक यांच्यासह १९६२ चा ‘द कॅल्क्युलस ऑफ कन्सेंट’ हा ग्रंथ लिहिला. १९८६ चे नोबेल बुकॅनन यांना मिळाले. याच शाखेतल्या डाउन्स आणि ओल्सन यांना बाईंनी पाच मिनिटांत गुंडाळले, ते मला रुचले नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲन क्रूगर यांचा १९७४ चा लेख मात्र त्यांनी सांगितला, कारण त्यात आपण आहोत: सरकारी परवाने हाती असणाऱ्यांना त्यांपोटी मिळणारा लाभ १९६४ साली भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के असावा, असा त्यांचा अंदाज होता. स्कूटरसाठी नंबर लावून आपण किती वर्षे काढली ते आठवले.

शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर्वसंमती हवी म्हटले की आधीच ज्याच्या हाती सगळे आहे त्याला नकाराधिकार मिळतो. १९२७ साली महाडच्या तळ्यासाठी गावाची संमती मागत बसले असते तर?” दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न यायचाच होता. तिने पुढे असेही विचारले की, अमेरिकेत काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश देण्याला व्हर्जिनिया राज्य विरोध करत असताना, १९५९ मध्ये बुकॅनन आणि वॉरन नटर यांनी खासगी शाळांच्या बाजूने लिहावे, हा केवळ योगायोग होता का. बाई म्हणाल्या की ग्रंथात प्रत्येक निर्णयाला सर्वसंमती मागितलेली नाही. निर्णय घेण्याचा खर्च आणि दुसऱ्यांनी आपल्यावर लादलेला खर्च यांची तिथे तुलना आहे, आणि एकमत अपेक्षित आहे ते मूळ नियमांवर. उत्तर ग्रंथाला धरून होते, पण १९५९ चा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, आणि मूळ नियम ठरवायला कोण कोण बसले होते हे तर त्या मुलीने विचारलेलेच होते. मी तिच्या बाजूचा आहे. ब्लॅक यांच्या आकृतीबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. त्या आकृतीने माझीच चोरी पकडली.

येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. टाकीला तडा गेला आहे, लिफ्ट दर आठवड्याला दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, आणि गच्चीवर केलेले काम एका पावसाळ्यात उखडल्यामुळे बादली पुन्हा दिवाणखान्यात आली आहे. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा असे मी सुचवणार आहे, आणि गेल्या वर्षीचा क्रम कसा लागला होता तेही सांगणार आहे. हिला ते सांगितले, तर ती म्हणाली, चिठ्ठीचे ठीक आहे, पण दुसरे सांगायची काय गरज आहे? विषयपत्रिका उद्या फलकावर लावायची आहे. तू असतास तर काय केले असतेस, ते लवकर कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक